बारशापुरतं इंटरनेट

कान दिसल्याशिवाय आपण नाव सांगणार नाही, असं अंबूताईनं जाहीर केलं आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

अंबूताई माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. संसार केला तो शाळेचा आणि आमचा. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कानात नाव तिनंच सांगितलेलं आहे. आत्याचा मानच असतो तो. आता माझा मुलगा श्रीवत्स कॅनडात असतो, आणि त्याला तिकडे मुलगी झाली. श्रीवत्सला बहीण नाही, म्हणजे मुलीला आत्या नाही. मग हा मान बापाच्या आत्याकडे येतो की नाही, यावर घरात चर्चा होण्यापूर्वीच अंबूताईनं तो घेऊन टाकला. नाव काय ठेवणार हे मात्र ती कुणालाच सांगेना. श्रीवत्सनं फोनवरून परोपरीनं विचारलं, सूनबाईनं लाडीगोडी लावली. अंबूताईचा नियम ठरलेला: नाव आधी कानात, मग गावात.

"मोबाइलवर दाखवतो की तुला पोरीला," मी म्हटलं आणि दाखवलं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेल्या अंबूताईनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला, उलटा करून पाठही पाहिली.

"सुधी, ही मुलगी आहे का शेंगदाणा?"

"मुलगी आहे."

"मग कान कुठं आहे? मी काय शेंगेत नाव सांगू?"

तेव्हा ठरलं की श्रीवत्सनं मागे ठेवलेला रुंद पडद्याचा लॅपटॉप काढायचा. लॅपटॉप निघाला, पुसला गेला, चालूही झाला. पण त्याला इंटरनेट कुठून द्यायचं? आमच्या घरी इंटरनेट तारेतून येत असे. गेल्या आठवड्यात गटारासाठी गल्ली खणली, तेव्हा गटार काही निघालं नाही, तार तेवढी तुटली. सबंध गल्ली इंटरनेटला मुकली. तारवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "नाळी." कन्नडात नाळी म्हणजे उद्या. हा उद्या धारवाडात अजून कुणी पाहिलेला नाही.

माझ्या मोबाइलला आमच्या घरात सिग्नल मिळतो तो फक्त न्हाणीघराच्या खिडकीत. बायकोच्या मोबाइलचंही तेच. मी सुचवलं की न्हाणीघर स्वच्छ धुऊन, बाहेर रांगोळी काढून, आत खुर्ची मांडली तर काय हरकत आहे. अंबूताईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी क्षणभर पुन्हा हाफ चड्डीत गेलो. दुसऱ्या कुणाच्या घरी न्यावं तर तिचे गुडघे उंबऱ्याबाहेर यायला तयार नसतात.

ही अडचण आमच्या घराबाहेर कशी गेली ठाऊक नाही. पण संध्याकाळपर्यंत समोरचे राघवेंद्रराव सल्ला घेऊन हजर झाले. राघवेंद्रराव वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यामुळे जे जे डोळ्यांना दिसत नाही त्या सगळ्यातलं त्यांना कळतं, असा आमच्या गल्लीचा समज आहे.

"मास्तर, तारेच्या मागं कशाला लागताय? वायफायची डबी मिळते. आत सिम घालायचं. हवेतनं ओढून घेतंय बघा ते."

"हवेतून?"

"मग काय तर. हवेत सगळं भरलेलंच आहे की. आपल्याला ओढता येत नाही, एवढंच."

ते गेल्यावर मी अंगणात जाऊन हवेकडे पाहत उभा राहिलो. हवा रोजचीच होती. कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी पडली होती, कोपऱ्यावर पाला जळत होता. आणि याच हवेतून, त्या फोडणीच्या वासाला धक्का न लावता, माझ्या नातीचा कान तिकडून इकडे येणार. मी जन्मभर मराठी शिकवलं. आकाशवाणी या शब्दाचा विग्रह मी किती पोरांकडून करून घेतला असेल; पण आकाशाला खरोखरच वाणी आहे, हे मला त्या संध्याकाळी अंगणात पहिल्यांदा जाणवलं. अंगावर काटा आला. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, तोंड मिटा. डास जातील."

धारवाडच्या माणसाला हुब्बळ्ळीला जाऊन आणल्याशिवाय वस्तू खरी वाटत नाही, त्यामुळे डबीसाठी मी हुब्बळ्ळी गाठली. राघवेंद्ररावांच्या ओळखीचं दुकान कमरीपेठेत होतं. दुकानदार भला माणूस. डबी दिली, सिम काढलं, आधार पाहिला आणि माझ्यासमोर मोबाइल धरून म्हणाला, "मास्तर, आता डोळे मिचकावा."

"कशाला?"

"तुम्ही जिवंत आहात ते त्याला कळायला पाहिजे. नुसता फोटो चालत नाही."

मी आलोच आहे, बोलतोही आहे, एवढ्यावर भागणार नव्हतं. मी डोळे मिचकावले. यंत्र म्हणालं, पुन्हा. मी पुन्हा मिचकावले. दुकानदार म्हणाला, "जरा जोरात." डोळे जोरात कसे मिचकावतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी मान, गाल, भुवया सगळं पणाला लावलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मोबाइलच्या बरोबर मागे एक बाई रिचार्जसाठी उभ्या आहेत, आणि त्या बराच वेळ माझ्याकडे पाहताहेत.

"अज्जार, निमगेष्टु वयस्सु?" त्या शांतपणे म्हणाल्या. आजोबा, तुमचं वय किती.

चाळीस वर्षं ज्यानं वर्गात चारित्र्य या विषयावर निबंध लिहून घेतले, त्याला हे ऐकावं लागलं. मी तोंड उघडून खुलासा करणार, तर दुकानदार ओरडला, "हलू नका, मास्तर, तोंड बंद." खुलासा राहिला तो राहिलाच. यंत्रानं अखेर मला जिवंत ठरवलं आणि "संध्याकाळपर्यंत सुरू होईल," असं म्हणून दुकानदारानं डबी माझ्या हातात ठेवली. ती सुपारीच्या डबीपेक्षा मोठी नव्हती. येताना बसमध्ये मी ती तळहातावरच धरून बसलो होतो. एवढ्याशा डबीत कॅनडा मावतो हे कळल्यावर ती खिशात कोंबायला मन होईना.

इकडे आमचे शेजारी बाळाचार्य यांनी मुहूर्ताचं काम हाती घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की नाव निघणार धारवाडच्या तोंडातून आणि शिरणार कॅनडाच्या कानात, तेव्हा दोन्हीकडचा राहुकाळ चुकवलाच पाहिजे. मध्ये समुद्र लागतो, त्याचं काय करायचं यावर शास्त्र गप्प आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दोन्हीकडचं शुभ एकमेकांवर पडतं ती फट अगदी चिंचोळी निघाली. आमची दिवेलागण आणि त्यांची न्याहारी एकत्र येतात तेवढीच. "ती गेली की मग अमावास्या ओलांडेपर्यंत काही नाही," बाळाचार्य म्हणाले आणि वर असंही म्हणाले की लॅपटॉपचं तोंड ईशान्येला ठेवा.

बाराव्या दिवशी अंबूताई दुपारपासूनच तयार होऊन बसली. इरकली नेसली, केसांत अबोली माळली. लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेलो की थांबायची. नावाची तालीम चालली असावी.

आणि डबीचा दिवा लालच्या लाल.

"हिरवा पाहिजे," राघवेंद्रराव म्हणाले. "उंचावर न्या."

मी डबी माळ्यावर ठेवली. लाल. गच्चीवर नेली. लाल. राघवेंद्ररावांच्या मते आमची गच्ची कमी उंचीची आहे, म्हणून शेवग्याच्या शेंगा काढायच्या लांब काठीच्या टोकाला डबी बांधून, ती काठी दोन्ही हातांनी आभाळात धरून मी कठड्याशी उभा राहिलो. ते खालून, "जरा कलघटगीकडं वाकवा, आता अळणावरकडं," असं सांगत होते. तशात माझा एक जुना विद्यार्थी, आता नावाजलेला वकील, रस्त्यानं चालला होता. त्यानं आदरानं नमस्कार केला. माझा हात मोकळा नव्हता.

"सर, पतंग का?"

"नाही. नात."

तो थोडा वेळ आभाळाकडे पाहत राहिला आणि चपला न वाजवता निघून गेला. आता बार असोसिएशनमध्ये माझ्याविषयी काय बोलतात कोण जाणे.

शेवटी बायको न्हाणीघरातून माझा मोबाइल घेऊन आली. त्यात निरोप येऊन पडला होता: आपला चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा डोळे मिचकावावेत. म्हणजे काठी कुठेही वाकवली असती तरी काही होणार नव्हतं. राघवेंद्रराव म्हणाले, "तरी मला वाटतच होतं." हे वाक्य ते प्रत्येक गोष्टीनंतर म्हणतात.

तेवढ्यात आमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू गौतमी कामावरून आली. ती मूळची अळणावरची. कलघटगीच्या कचेरीत टायपिंगचं काम करते आणि रोज बसनं जा-ये करते. जिन्यात काठी आडवी पडलेली बघून तिनं काय झालं म्हणून विचारलं, आणि आमची कर्मकथा ऐकून ती हसली.

"एवढंच होय, काका? माझ्या मोबाइलवरनं घ्या की. हॉटस्पॉट चालू करून देतो. माझ्या सिमच्या कंपनीला वर झकास सिग्नल आहे. मोबाइल लॅपटॉपजवळ ठेवला की त्याचं नेट ह्याला मिळतंय."

"तार न लावता?"

"तार कशाला?"

मी पुन्हा एकदा थक्क झालो. आभाळातलं इंटरनेट आधी मोबाइलमध्ये उतरतं आणि मग मोबाइल ते शेजाऱ्याच्या लॅपटॉपला नुसतं जवळ बसून देतो. माणसांना हे अजून साधलेलं नाही. सगळा जामानिमा वर गौतमीच्या खोलीच्या बाहेरच्या पडवीत हलवला. अंबूताईला राघवेंद्रराव आणि मी खुर्चीसकट वर नेलं. ती वाटेत कण्हली नाही, उलट मलाच "दमानं रे," म्हणत राहिली. लॅपटॉपवर गौतमीच्या मोबाइलचं नाव उमटलं. त्यानं पासवर्ड मागितला.

आणि त्याच वेळी खालून गल्लीभर आरोळी उठली, "नीर बंतु, नीर बंतु."

पाणी आलं. आमच्या गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगत नाही. गावची अब्रू आहे. एवढंच सांगतो की पाणी आलं की जन्म आणि मरण दोन्ही बाजूला राहतात. गौतमीनं पदर खोचला.

"काका, पासवर्ड अळणावर. आमच्या गावचंच नाव. स्पेलिंग नेहमीचंच," असं म्हणून ती धावली, मागोमाग माझी बायकोही धावली. पाण्याची मोटार सुरू झाली आणि तिच्या घरघरीत बाकीचं जग बुडून गेलं.

मी निश्चिंत होतो. अळणावर. मराठीच्या मास्तरानं अळणावर लिहायला काय वेळ लागणार. स्टेशनच्या पाटीवर असतं तसं लिहिलं. चूक. मधे एक ए घातला. चूक. शेवटी एक ए घातला. चूक. बाळाचार्य तोवर मुहूर्ताच्या काळजीनं वर आले होते. ते म्हणाले, "ळ आहे ना त्यात? मग दोन एल हवेत. सरकारनं हुबळीचं हुब्बळ्ळी केलं तेव्हा एल वाढवले की नाही?" मी दोन एल घातले. चूक. राघवेंद्रराव म्हणाले, "ळ जड आहे, त्याला एच लावा." लावला. चूक. बाळाचार्यांनी तीन एल सुचवले. तेही चूक. गौतमीचा मोबाइल कुलूपबंद, उघडून पाहायचीही सोय नाही.

"खाली जाऊन विचार की तिला," अंबूताई म्हणाली.

आता इथे माझं जे झालं ते सांगतो. मला जाववेना. सबंध नोकरीत मी एकाच अक्षरासाठी भांडलो. पुण्याकडचे पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांच्याकडून धारवाडी ळ म्हणवून घेत असे. इंग्रजीला एवढं मोठं साम्राज्य असून ळ नाही, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला पोरांना अभिमानानं सांगत असे. आणि मी आता नळावर, सगळ्या गल्लीच्या बायकांच्या घागरींमध्ये उभा राहून विचारू, की बाई, ळ कसा लिहायचा? मी खिडकीतून हाका मारल्या. खालून मोटारीच्या घरघरीतून उत्तर आलं, "अळणावर, काका. नेहमीचंच." नेहमीचंच म्हणे.

बाहेर उजेड मावळत चालला होता. बाळाचार्य घड्याळाकडे बघायचे आणि मग सभ्यपणे दुसरीकडे बघायचे. अंबूताईनं हात लांब करून लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरची धूळ पदरानं पुसली.

"सुधी, राहू दे आता," ती म्हणाली. "नाही तर स्मृतीला म्हणावं, तूच सांग नाव. आई आहे ती. मी उद्या सांगेन तिला, काय ठेवायचं ते."

स्मृती म्हणजे आमची सून. अंबूताईनं हे अगदी साध्या आवाजात म्हटलं, आणि त्या साध्या आवाजानंच मला हलवलं. ही बाई जन्मात कधी राहू दे म्हणालेली मी ऐकली नव्हती. ती कॅनडाला जाणार नाही. ती मुलगी इकडे येईल तेव्हा अंबूताई असेल की नाही, हे कुणी सांगावं. त्या पोरीला ती कधी मांडीवर घेईल असं नाही. तिच्या हातात होतं ते एवढंच, एका कानात एक शब्द सांगणं. आणि तो माझ्या तोऱ्यामुळे अडला होता.

मी जिना उतरलो. नळावर गेलो. घागरी, बादल्या, पाईप यांतून वाट काढली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं विचारलं.

"गौतमी, ळ कसा लिहायचा गं?"

बायका थांबल्या. नळ मात्र चालूच होता.

"मोठा एल की हो, काका," गौतमी पाईप धरून म्हणाली. "आमच्या कचेरीत कन्नड टाइप करताना साधा एल मारला की ल येतो, मोठा मारला की ळ. ण पण मोठ्या एननं. बाकी सगळं लहान, आणि शेवटी एक ए." मग ती कपाळाला ओला हात लावून म्हणाली, "अय्यो, मला वाटलं सगळेच तसं लिहितात."

मी वर धावलो. म्हणजे माझ्या वयाला जे धावणं म्हणतात ते. लॅपटॉपवर लहान ए, मग मोठा एल. तो मोठा एल उमटला. इंग्रजीत ळ होता. इतकी वर्षं तिथेच, एका बोटाच्या अंतरावर होता, आणि कलघटगीच्या कचेरीत तो रोज वापरात होता. बाकीची अक्षरं मी जवळजवळ भक्तिभावानं बडवली.

लागलं.

आधी पडदा निळा झाला, मग पांढरा, मग त्यात श्रीवत्सचा चेहरा आला. मागे खिडकी, खिडकीत लख्ख सकाळ. आमच्याकडे बायको समई घेऊन वर येत होती आणि तिकडे ऊन पडलं होतं. एकाच पडवीत संध्याकाळ आणि सकाळ समोरासमोर बसल्या होत्या. बाळाचार्यांनी नकळत हात जोडले.

"आत्या, दिसतेय का?" श्रीवत्सनं विचारलं आणि पाळण्यावर कॅमेरा नेला.

आणि सबंध पडद्यावर कान आला. मुरड घातलेल्या कानवल्याच्या कडेसारखा, गुलाबी, वर बारीक लव. लव हललेली दिसत होती. मी त्या कानाकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. फोडणीच्या वासातून, गटाराच्या खड्ड्यावरून, कुठल्या कुठल्या समुद्रावरून हा कान न चुरगळता आला होता.

"आत्या, तुझा नियम पाळलाय," श्रीवत्स म्हणाला. "आवाज बाहेर येऊ देत नाही. इअरफोन तिच्या कानाशी धरलाय. आम्हाला काही ऐकू येणार नाही."

"मी कुठं बोलू?" अंबूताईनं विचारलं.

राघवेंद्ररावांनी लॅपटॉपच्या काठावरचं सुईच्या टोकाएवढं भोक दाखवलं. अंबूताईनं चष्मा काढून ठेवला. दोन्ही हातांचा आडोसा केला, खाली वाकली, ओठ त्या भोकाशी नेले. "कुर्रर्र," तिनं म्हटलं, आणि मग काहीतरी म्हटलं. अगदी हळू. आम्हाला श्वास तेवढा ऐकू आला.

आता बारशात आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा रिवाज आहे. बायको आणि गौतमी त्यासाठीच ओल्या हातांनी मागे टपून बसल्या होत्या. दोघींनी दिवसभराच्या धांदलीचा सगळा हिशेब त्या धपाट्यांत चुकता केला. अंबूताई पुढे झुकली, तिचं कपाळ लॅपटॉपच्या बटणांवर टेकलं, आणि कॅनडा गेला.

पडदा काळा.

"पोचलं का रे?" अंबूताई कपाळ चोळत म्हणाली. "माझा आवाज पोचला का तिच्यापर्यंत?"

मला काय ठाऊक. मी भराभरा बटणं दाबू लागलो. बोटांना हवं ते बटण सापडेना. बाळाचार्य घड्याळ बघायचं विसरले होते. अंबूताई माझ्याकडे बघत नव्हती, त्या काळ्या पडद्याकडेच बघत होती, आणि तिच्या हाताची घट्ट मूठ झाली होती. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला आणि श्रीवत्स आला. इअरफोन त्यानं काढून ठेवला होता.

"आत्या, ती अंगठा चोखत होती. तू बोललीस आणि थांबली. डोळे उघडून बघायला लागली, तू कुठं आहेस ते."

अंबूताईची मूठ सुटली. तिनं चष्मा घातला, पुन्हा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"अहो, पण नाव काय?" पाळण्याशी बसलेली स्मृती तिकडून म्हणाली. "आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, आत्याबाई. कोण जाणे काय ठेवलंत. सांगा की आता."

मी अंबूताईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या क्षणी ते नाव अख्ख्या जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक धारवाडात खुर्चीवर बसली होती आणि एक तिकडे पाळण्यात होती. दोघींनी एकमेकींना कधी हात लावला नव्हता.

"तिला विचार," अंबूताई म्हणाली. "मी तिला सांगितलंय."

तिकडे श्रीवत्स आणि स्मृती वाकले, इकडे आम्ही सगळे लॅपटॉपवर वाकलो, आणि दोन खंडांतली शहाणीसुरती माणसं बारा दिवसांच्या पोरीच्या तोंडाकडे उत्तरासाठी बघत राहिली. तिनं एक लांबलचक जांभई दिली आणि नाव पोटात ठेवून झोपून गेली.